हो म्हटलेला पक्षी

शनिवारी संध्याकाळी, उजेड पुरता विझण्याआधी, आम्ही नऊ जण तलावाच्या बांधावर गोल करून बसलो होतो आणि गटप्रमुख दिवसभराची यादी मोठ्याने वाचत होते. पद्धत नेहमीचीच होती. एकेका पक्ष्याचे नाव घ्यायचे, कुणी पाहिला, कुणी ऐकला, किती होते ते विचारायचे आणि आकड्यावर एकमत झाले की पुढचे नाव घ्यायचे. थापट्या, तलवार बदक, पाणटिवळे, टिलवे, भोवत्या अशी नावे पाण्याकडून काठाकडे आणि काठाकडून झाडांकडे सरकत आली. मग ते म्हणाले, "हिरवट पर्णवटवट्या. हा सकाळी सगळ्यांनीच ऐकला ना?" आठ माना हलल्या. त्यांची नजर माझ्यापाशी क्षणभर थांबली, निदान मला तसे वाटले, आणि मीही मान डोलावली. त्यांनी खूण केली आणि पुढचे नाव घेतले.

मी तो पक्षी ऐकला नव्हता.

माझ्या हो-नाहीने एकूण संख्येत काही फरक पडणार नव्हता. आठ जणांनी ऐकलेला पक्षी नवव्याला ऐकू आला नाही म्हणून यादीतून वगळला जात नाही. त्यामुळे कुणाची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही आणि मी काही मिळवले असेही म्हणता येत नाही. तरीही पुढची वीस-पंचवीस नावे वाचून होईपर्यंत माझे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. गेली सव्वीस वर्षे मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवते आहे. त्यांत चुका असतील, घाईने केलेल्या ओळखी असतील, पण न पाहिलेले पाहिले आणि न ऐकलेले ऐकले असे मी कधी लिहिले नव्हते. ती एक गोष्ट माझ्या वह्यांबद्दल मी खात्रीने सांगू शकत होते आणि ती मी एका मान हलवण्यात घालवून बसले होते.

मार्चअखेरचे ते दोन दिवस आम्ही मुद्दाम निवडले होते. पक्षी येतात त्या दिवसांबद्दल सगळेच बोलतात. ते जातात ते दिवस मला अधिक जवळचे वाटतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला आपल्याकडे उतरणारे बहुतेक पाहुणे मळकट, दमलेले, एकमेकांसारखे दिसणारे असतात. परत निघण्याची वेळ जवळ आली की त्यांची पिसे बदलतात. ऑक्टोबरमध्ये राखाडी-तपकिरी दिसणारा पिवळा धोबी आता छातीपासून शेपटीखालपर्यंत हळदीसारखा पिवळाधमक झालेला असतो. पाणटिवळ्यांच्या माना आणि छात्या विटकरी लाल होतात. चिखलात टुकटुक चोच मारत धावणाऱ्या टिलव्यांच्या पाठीवर गंज चढावा तसा तांबूस रंग येतो आणि भोरड्यांच्या गुलाबी पाठी उन्हात इतक्या उजळतात की थवा वळला की झाडाचा रंगच बदलल्यासारखा वाटतो. हा सगळा साज आपल्यासाठी नसतो. सैबेरियात, मंगोलियात, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात, उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात जो विणीचा हंगाम असतो त्यासाठीची ही तयारी असते आणि तिचे शेवटचे काही दिवस तेवढे आपल्या वाट्याला येतात. नुकते कुठे ओळखू येऊ लागलेले माणूस निघायच्या तयारीत असावे, तसे मला दर वसंतात वाटते.

या दिवसांत मोजणी करणे कठीण असते आणि म्हणूनच ती करावीशी वाटते. हिवाळ्याच्या मध्यावर तलावावर जेवढी बदके सकाळी असतात तेवढीच संध्याकाळी असतात. मार्चअखेरीस तसे नसते. शनिवारी पहाटे आम्ही मोजलेला तलवार बदकांचा मोठा थवा दुपारनंतर दिसला नाही, आणि त्यांच्या जागी कुठून तरी दक्षिणेकडून आलेले, अंगात अजून प्रवास असलेले, पाण्यात मान न घालता नुसतेच तरंगणारे दुसरे तीसेक पक्षी होते. राजहंस आमच्याआधीच निघून गेले होते; हिमालय ओलांडून तिबेट आणि मंगोलियाकडे जाणाऱ्या त्या पक्ष्यांची उथळ चिखलातली पावले तेवढी कडेला वाळून राहिली होती. दिवस लांबू लागला की या जिवांच्या शरीरात काहीतरी जागे होते. ते अधाशासारखे खातात, कातडीखाली चरबी साठवतात, आणि पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरी पक्षीसुद्धा या दिवसांत रात्ररात्र झोपत नाहीत. जिकडे जायचे असते त्या दिशेला तोंड करून फडफडत राहतात. ती अस्वस्थता उघड्या पाण्यावरही दिसते. थवा विनाकारण उठतो, एक फेरी मारतो, पुन्हा बसतो.

पर्णवटवट्याची गोष्ट सकाळची. बांधाच्या खालच्या अंगाला करंजांची रांग आहे आणि त्या दिवसांत करंजाला नवी पालवी आलेली असते, इतकी कोवळी की ऊन पानाच्या आरपार येते. आम्ही त्या रांगेखालून जात असताना सर्वांत पुढे चालणारी मुलगी थांबली आणि तिने बोट वर केले. मग तिच्यामागचे दोघे थांबले. एकेक करून सगळे थांबले आणि सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी किंचित वर आणि डावीकडे वळले. पक्षी ऐकणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव येतो. डोळे कशावरही रोखलेले नसतात, ओठ थोडे विलग होतात आणि श्वास अर्ध्यावर धरलेला असतो. तो भाव मी आठ चेहऱ्यांवर पाहिला, आणि मला ऐकू आली ती पानांची सळसळ, तांबटाचे एकसुरी ठोके आणि पलीकडच्या माळावर ओरडणारी टिटवी. मीही चेहरा वर केला. मीही श्वास धरला. काही वेळाने कुणीतरी हसून म्हणाले, "चांगला गातोय की," आणि सगळे पुढे निघाले. म्हणजे मान डोलावणे संध्याकाळी झाले असले, तरी त्याची सुरुवात सकाळीच झाली होती.

हा पक्षी न पाहता ओळखायला मला शिकवले ते आमच्या सरांनी. शाळेत शिकवणारे म्हणून नव्हे, सगळेच त्यांना सर म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. झाडाखाली पोहोचले की पहिली पाच मिनिटे दुर्बीण गळ्यात तशीच ठेवायची आणि डोळे मिटून उभे राहायचे, हा त्यांचा दंडक होता. त्या पाच मिनिटांतच मी पहिल्यांदा तो आवाज वेगळा काढला. बारीक, धारदार, दोन तुकड्यांचा, चिस्-वी, चिस्-वी, कुणीतरी ओल्या काचेवर बोट ओढून लगेच उचलावे तसा. आठ-नऊ ग्रॅम वजनाचा, पानांच्या रंगाचा, पानांतच राहणारा हा जीव दिसणे अवघड असते. दिसला तरी डोळ्यावरची फिकट भुवई आणि पंखावरची एक पुसट रेघ याखेरीज हाती काही लागत नाही. पण हिवाळाभर प्रत्येक पक्षी झाडांचा आपला असा एक तुकडा राखून असतो आणि तिथून दिवसभर हाक देत राहतो. एकदा कान बसला की तो सगळीकडे आहे हे कळते. माझ्यासाठी थंडी सुरू व्हायची ती या आवाजाने. पहाटेचा गारवा, धुके, दव या सगळ्यांच्या आधी, सप्टेंबर संपता संपता कुठल्यातरी झाडातून चिस्-वी ऐकू यायचे आणि मी मनात म्हणायचे, आले. आणि एप्रिलच्या मध्यावर कधीतरी लक्षात यायचे की दोन दिवस झाले, झाड गप्प आहे. तो गेल्याचा दिवस कधीच नेमका कळायचा नाही. आवाज सुरू झालेला कळतो, थांबलेला कळत नाही.

शनिवारी रात्री मला झोप लागली नाही. मान डोलावल्याचा सल होताच, पण मध्यरात्रीच्या सुमारास त्याच्यामागून दुसरी एक गोष्ट पुढे आली आणि मी उठून बसले. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या सभेत मला पक्ष्यांबद्दल बोलायला बोलावले होते. त्या बोलण्याच्या शेवटी मी अगदी मनापासून म्हटले होते की पर्णवटवट्या आता पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या झाडांखाली मी एका सकाळी सहा-सात आवाज मोजायचे तिथे आता एखादाच ऐकू येतो, कधी तोही नाही. सभा गप्प झाली होती. एका गृहस्थांनी कारणे विचारली तेव्हा मी वृक्षतोड, फवारणी, कीटकांची घट अशी कारणे सांगितली. ती सगळी कारणे खरी आहेत आणि कितीतरी पक्ष्यांच्या बाबतीत ती लागूही आहेत. पण त्या रात्री अंधारात बसून मी हिशेब केला. ज्या वर्षांत माझ्या वहीतून हा पक्षी कमी झाला त्याच वर्षांत फुलटोच्याही कमी झाला होता, झाडांवरून उडत जाताना बारीक शीळ घालणारी तीरचिमणी कमी झाली होती. कोकीळ, भारद्वाज, तांबट, टिटवी मात्र होते तितकेच होते. पक्ष्यांची ही निवड जंगलाने केलेली नव्हती. ती माझ्या कानांनी केली होती.

माणसाचा कान तरुणपणी सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतो. वय वाढते तशी ही शिडी वरच्या पायऱ्यांपासून मोडू लागते. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत आवाजाची कंपने टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. सर्वांत उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या अगदी तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत मात्र उगवतात. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांना आढळले की मोठ्या आवाजाने किंवा औषधाने नष्ट झालेल्या केसपेशी पक्ष्यांच्या कानात नव्याने तयार होतात आणि त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागते. हे मी कधीतरी वाचले होते आणि विसरलेही होते. त्या रात्री ते आठवले तेव्हा हेवा वाटला असे म्हणणार नाही. करंजावरच्या त्या आठ-नऊ ग्रॅमच्या जिवाला त्याच्या जातीचे गाणे म्हातारपणीही ऐकू येईल, याचे बरे वाटले आणि लगेच डोळे भरून आले, दोन्ही एकदमच.

याच पक्ष्याच्या ऐकण्याची एक विलक्षण कहाणी आहे. तिबेटच्या उंच पठारावर झाडे नाहीत, त्यामुळे जंगलात राहणारा हा पक्षी त्या पठाराभोवती कड्यासारखा पसरलेला आहे. दक्षिणेला हिमालयात तो एक आहे. तिथून पश्चिमेच्या बाजूने उत्तरेकडे जावे तसे त्याचे गाणे हळूहळू बदलत, लांबत, गुंतागुंतीचे होत जाते. पूर्वेच्या बाजूनेही बदलत जाते, पण वेगळ्या तऱ्हेने. शेजारच्या टापूतला पक्षी शेजाऱ्याला ओळखतो, तो त्याच्या पुढच्याला ओळखतो, असे करत दोन्ही फाटे सैबेरियाच्या जंगलात एकमेकांसमोर येतात आणि तिथे मात्र एक दुसऱ्याच्या गाण्याला ओ देत नाही. एकाच झाडावर बसूनही ते परस्परांना परके राहतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ध्वनिमुद्रित गाणी वाजवून आणि त्यांचा जनुकीय वारसा तपासून हे दाखवून देण्यात आले. एक जात दोन कशी होते याचे ते आज अभ्यासकांच्या चर्चेतले नेहमीचे उदाहरण आहे. मी त्याकडे आजवर उत्क्रांतीचा पुरावा म्हणूनच पाहत आले होते. आता मला त्यातले ते दोन पक्षी दिसतात, हाकेच्या अंतरावर बसलेले, एक गातो आहे आणि दुसऱ्याला त्यात आपल्यासाठी काहीच ऐकू येत नाही.

नोंदीचा प्रश्न मात्र भावनेने सुटणारा नाही. २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर आम्ही सगळे याद्या भरतो आणि यादी भरताना एक प्रश्न विचारला जातो: तुम्हाला ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का? हो म्हटले की यादीत नसलेल्या पक्ष्यांनाही अर्थ येतो. जो लिहिला नाही तो तिथे आढळला नाही, असे पुढे धरले जाते. अशा याद्यांपैकी किती टक्क्यांत एखादा पक्षी येतो यावरून तो वाढला की घटला हे ठरवतात. २०२३ सालचा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल असाच तयार झाला. ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींमधून ९४२ जातींची स्थिती तपासली गेली आणि त्यांतल्या १७८ जातींना संवर्धनाची तातडीने गरज असल्याचे सांगितले गेले. त्या ३ कोटींत माझ्याही नोंदी आहेत, आणि गेली काही वर्षे मी पर्णवटवट्या नसलेल्या पूर्ण याद्या अत्यंत प्रामाणिकपणे पाठवत आले आहे. शनिवारचे माझे 'हो' खोटे होते, पण त्या जागी पक्षी खरोखर होता. आधीच्या कितीतरी सकाळींचे माझे 'नाही' मनापासूनचे होते, आणि पक्षी बहुधा तेव्हाही डोक्यावर गात होता. यांतली कोणती नोंद अधिक चुकीची, हे मला त्या रात्री ठरवता आले नाही आणि अजूनही नीटसे ठरवता येत नाही. हजारो लोकांच्या नोंदी एकत्र आल्या की एकाच्या कानाची उणीव भरून निघते, नवे तरुण कान येत राहतात, हे खरे आहे. पण वर्षानुवर्षे तीच माणसे त्याच वाटांवर मोजणी करतात तिथे म्हाताऱ्या होत जाणाऱ्या निरीक्षकांमुळे बारीक आवाजाचे पक्षी प्रत्यक्षाहून अधिक घटलेले दिसू शकतात, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेले आहे. ते वाचताना ती माणसे म्हणजे कुणीतरी दुसरी, असेच मी धरून चालले होते.

रविवारी उजाडण्याआधी गटप्रमुख स्कोपची तिपाई उघडत होते तेव्हा मी त्यांना सांगितले. फार शब्द लागले नाहीत. "काल मी हो म्हटले, पण मला तो ऐकू आला नव्हता. बरेच दिवस येत नसावा." ते तिपाईचा स्क्रू आवळत होते तो तसाच अर्धवट राहिला. मग म्हणाले, "ताई, एकूण आकडा तर तोच राहतो." थोडे थांबले. "पण तुमच्या यादीतून तो काढून टाका. सामायिक यादी आली की प्रत्येकाने आपापले न ऐकलेले काढायचेच असते." त्यांनी दिलाशाचे काही म्हटले नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते माझ्याशी पक्षिनिरीक्षकाशी बोलावे तसे बोलले.

आमचे बोलणे त्या पुढे चालणाऱ्या मुलीच्या कानावर गेले होते. ती गटात सर्वांत लहान, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात, आणि पक्ष्यांचे आवाज तिला माझ्या त्या वयापेक्षा कितीतरी जास्त ओळखू येतात. करंजांच्या रांगेखाली पुन्हा पोहोचलो तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. त्यावर मर्लिन हे ॲप सुरू होते. ते आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते, म्हणून मला त्याबद्दल आजवर फारशी आपुलकी नव्हती. नुसत्या फोनच्या सांगण्यावरून नोंद करू नये, स्वतः खात्री करावी, हा आमच्या गटाचा नियम आहे आणि ई-बर्डचेही सांगणे तेच आहे. पण तिने नाव दाखवायला तो धरलेला नव्हता. "पडद्यावर वरच्या बाजूला बघा, मावशी," ती म्हणाली. तिथे आवाजाचे चित्र सरकत होते, जाडे स्वर तळाशी आणि बारीक स्वर वर. तळाशी तांबटाचे ठिपके ओळीने उमटत होते आणि ते उमटताना मला ऐकूही येत होते, ठिपका आणि ठोका, ठिपका आणि ठोका. मधल्या पट्टीत कुठल्यातरी बुलबुलाची वळणे होती, तीही ऐकू येत होती. आणि त्यांच्या खूप वर, जिथे माझ्या लेखी कोरा पडदा असायला हवा होता, तिथे दोन तिरप्या रेघा उमटल्या. एक छोटी, एक तिला लागून खाली वळलेली. थोडी जागा सोडून पुन्हा तशाच दोन. त्या उमटत, सरकत, कडेला जाऊन नाहीशा होत. मी कान देऊन उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो आवाज कुणीतरी पेन्सिलने लिहीत होते.

"किती वर्षांपासून?" तिने विचारले. तिच्या वयाची माणसे विचारतात तसे, सरळ. मी म्हटले, "वह्या बघून सांगेन."

वह्या मी त्याच रात्री काढल्या. माझ्या वहीत उत्तर सापडायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून त्याचे नाव विरळ होत गेले आहे. मग मी सरांच्या वह्या काढल्या. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी त्या मला दिल्या होत्या. सरांची खूण करण्याची पद्धत होती: पक्ष्याच्या नावापुढे, पाहिला असेल तर 'पा', ऐकला असेल तर 'ऐ', दोन्ही असेल तर दोन्ही. सुरुवातीच्या वह्यांत पर्णवटवट्यापुढे ऐ, ऐ, ऐ अशी रांगच आहे. शेवटच्या चार वह्यांत एकही 'ऐ' नाही. पण नाव आहे. सगळ्या हिवाळ्यांत आहे, आठवड्यातून एकदोनदा तरी, आणि प्रत्येक वेळी पुढे 'पा'. मला त्या सकाळी आठवल्या. मला वाटायचे, सर आता थकले, एकाच झाडाखाली तासतासभर बसून राहतात, बाकीचा गट केव्हाच पुढे जातो. मी अनेकदा परत येऊन त्यांना म्हटले होते, "सर, चला ना, तिकडे कितीतरी आहेत." ते दुर्बीण डोळ्यांवरून न काढता हात वर करायचे, म्हणजे थांब. ते काय शोधत होते हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही. पानांच्या रंगाचा, पानांएवढा, क्षणभरही एका जागी न ठरणारा तो पक्षी एकदा डोळ्यांनी दिसावा म्हणून ते तासभर मान वर करून बसलेले असायचे, कारण त्यांच्या वहीत न ऐकलेल्याला जागा नव्हती.

आठवड्यात मी कानांची तपासणी करून घेतली. आलेखावरची रेघ डावीकडून बऱ्यापैकी सपाट निघते आणि उजव्या टोकाला घसरते. बोलणे समजायला अडचण नाही, या वयात असे होतेच, असे सांगण्यात आले, आणि ते बरोबरच आहे. सामायिक यादीतून मी ते नाव काढले. माझ्या जुन्या याद्यांचे काय करावे हे गटप्रमुखांशी बोलून ठरवायचे आहे. त्या सभेत ज्या गृहस्थांनी कारणे विचारली होती त्यांना मी पत्र लिहिले आहे. त्यात कारणे मागे घेतलेली नाहीत, त्या पक्ष्यापुरते विधान मागे घेतले आहे.

पुढच्या शनिवारी मी एकटी गेले. तलाव आणखी आटला होता आणि पाण्यावर बदके अगदी मोजकी उरली होती. करंजाची पालवी आठवड्यात गडद झाली होती. या दिवसांत झाड गप्प झाले की पक्षी गेले असे मी इतकी वर्षे समजत आले. आता झाड माझ्यासाठी आधीपासूनच गप्प होते, त्यामुळे तो आहे की गेला हे कळायला बसून राहण्याखेरीज मार्ग नव्हता. मी खोडाला पाठ लावून बसले आणि दुर्बीण वर धरली. वारा आला की सगळी पाने हलतात, म्हणून वारा पडण्याची वाट पाहायची आणि वारा नसताना जे पान हलेल तिथे जायचे. पहिल्यांदा शिंपी निघाला. मग एक शिंजीर. मान अवघडली, हात खाली घेतले, पुन्हा वर धरले. अशी चाळीसेक मिनिटे गेली असतील. मग वरच्या एका डहाळीच्या टोकाशी, वारा नसताना, एक पान खालच्या अंगाने हलले आणि त्याच्यामागून एक बारीक चोच बाहेर आली. फिकट भुवई दिसली. तो पुढे सरकला तेव्हा पंखावरची रेघही दिसली. तो काही क्षण उघड्यावर थांबला, मान उंचावली, गळ्याची पिसे किंचित फुगली आणि चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. खालचा पांढुरका गळा थरथरताना मला स्पष्ट दिसत होता. पलीकडे माळावर टिटवी ओरडत होती.

तो पानांत शिरल्यावर मी वही काढली. वेळ लिहिली, ७.२२. नाव लिहिले, संख्या १, आणि पुढे 'पा'.